खाणीकाठचे कृत्रिम डोंगर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, राज्यशास्त्र, नाट्यकला अशा विषयांचा परामर्श घेतला जातो. आम्ही मात्र आज आपल्यापुढे मातीच्या ढिगाऱ्याचा विषय घेऊन उभे आहोत. विषय रुक्ष वाटेल याची आम्हांस कल्पना आहे. तरीही तो निवडला; कारण अशा ढिगाऱ्यांखाली शाळेतील मुले गाडली गेली आहेत, पोटासाठी घर सोडून आलेले मजूर गाडले गेले आहेत, आणि ज्या कारणांनी हे घडले ती कोणा एका देशाची मिरास नाहीत. आपल्या महाराष्ट्रातही असे ढिगारे उभे आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांवर पाणी पडते.

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी किंवा उमरेड या बाजूंनी ज्यांनी प्रवास केला असेल, त्यांनी सपाट माथ्याचे आणि आखल्यासारख्या कडांचे डोंगर पाहिले असतील. ते निसर्गाने घडवलेले नाहीत. कोळसा जमिनीखाली थरांनी असतो. उघड्या खाणीतून तो काढावयाचा तर वरची काळी माती, मुरूम, चिकणमाती आणि वाळूचा दगड आधी उपसावा लागतो. खाणीवर या सगळ्याला 'ओव्हरबर्डन' किंवा नुसते 'ओबी' म्हणतात. एक टन कोळसा हाती येण्यासाठी तीन-चार घनमीटर ओबी काढावी लागणे ही काही नवलाची गोष्ट नाही. शिवाय खड्ड्यातून काढलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात पुरी मावत नाही, हा अनुभव अंगणात झाड लावणाऱ्या प्रत्येकाला आहे. फोडलेला दगड फुगतो. तेव्हा ढीग उभा राहणारच. प्रश्न एवढाच, की तो कोठे उभा राहावा, किती उंच असावा आणि त्याच्यावर लक्ष कोणी ठेवावे.

प्रथम ढिगाचा स्वभाव पाहू. खळ्यावर धान्याची रास करताना आपण वरून सुपाने धान्य ओतत राहतो. रास वाढते, रुंदावते, पण तिच्या बाजूचा कल सहसा बदलत नाही. त्यापेक्षा उभी ती राहत नाही. दाणे घरंगळतात आणि कल पुन्हा तोच होतो. हा त्या पदार्थाचा विश्रामकोन. कोरड्या वाळूचा तो साधारण ३४ अंशांच्या आसपास असतो, फोडलेल्या खडबडीत दगडाचा थोडा अधिक. दाण्यावर दाणा घासून जो अटकाव होतो त्याच्या बळावर ही रास उभी असते. कुलोम नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनियराने १७७३ साली या अटकावाचे गणित मांडले. त्याने सांगितले, की मातीचे बळ दोन गोष्टींचे मिळून होते : एक कणाकणांतील चिकटपणा आणि दुसरे घर्षण, आणि घर्षण हे वरून पडणाऱ्या दाबाच्या प्रमाणात वाढते.

यावरून कोणी म्हणेल, की मग कल सांभाळला म्हणजे काम झाले. धान्याच्या राशीपुरते ते खरेही आहे, कारण रास शेणाने सारवलेल्या घट्ट खळ्यावर असते. खाणीचा ढिगारा कशावर उभा असतो? विदर्भात पुष्कळदा काळ्या मातीवर. ही काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी कठीण होते, तिला हात जाईल अशा भेगा पडतात. आणि पावसाळ्यात तीच बैलाचे पाय धरून ठेवते. ओली झालेली ही माती वरच्या ओझ्याला घर्षणाने उत्तर देत नाही, साबणासारखी सटकते. तिचे बळ थोडके आणि ठरलेले. तिच्यावर १० मीटरचा ढीग उभा राहील, ३० मीटरचाही कदाचित राहील, पण ७० मीटरचा राहीलच असे कोणी सांगू शकत नाही; आणि गंमत अशी, की तिन्ही ढिगांचा बाहेरून दिसणारा कल एकच असेल. कल डोळ्यांना दिसतो, बैठक दिसत नाही. आमच्या आजच्या सांगण्याचे सार या एका वाक्यात आहे, हे आपण ध्यानात ठेवावे.

दुसरी न दिसणारी गोष्ट पाण्याची. विहिरीत सोडलेली भरली बादली पाण्यात असेतोवर हलकी वाटते. पाण्याबाहेर आली की हाताला ओढ बसते. पाण्याने तिचा भार आपल्या अंगावर घेतलेला असतो. ढिगाच्या पोटात पाणी साचले की दगडमातीचेही तसेच होते. कणांवर पडणारा दाब पाणी झेलू लागते. दाब कमी झाला की घर्षण कमी झाले, कारण कुलोमने सांगितल्याप्रमाणे घर्षण दाबावर अवलंबून आहे. पाण्याला स्वतःला घर्षण मुळीच नाही. प्रागमध्ये जन्मलेले इंजिनियर कार्ल टेर्झागी यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे तत्त्व पक्के बसवले, आणि तेथून मृद्‌यांत्रिकी हे स्वतंत्र शास्त्र उभे राहिले.

त्याच्याही आधी १९१६ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग बंदरातील एक धक्का घसरून पाण्यात गेला. तेथील इंजिनियरांनी तपास केला तेव्हा असे आढळले, की जमीन एखाद्या वाडग्याच्या तळासारख्या वक्र पृष्ठावरून फिरून सरकली होती. त्यांनी त्या वाडग्याच्या वरचे ओझे किती आणि तळाशी अटकाव किती याचा हिशेब केला. आजही पद्धत मुळात तीच आहे. समजा, खाली ओढणारे बळ १०० आहे आणि अडवणारे १३०. तर सुरक्षा-गुणक १.३ झाला. पावसाचे पाणी मुरून अडवणारे बळ ९५ वर आले, की गुणक एकाच्या खाली गेला आणि ढीग निघाला. वरून एक पाटीही माती न टाकता हे घडते. 'काल तर उभा होता' हा पुरावा म्हणूनच काही कामाचा नाही.

हे सगळे शास्त्र १९६० च्या सुमारास पदवीच्या अभ्यासक्रमात शिकवले जात होते. तरीही वेल्समधील ॲबरफॅन या खेड्यात जे झाले ते झाले. ती हकीकत आता सांगतो.

ॲबरफॅन हे मर्थिर व्हेल खाणीचे गाव. खाण भूमिगत होती, आणि तिचा टाकाऊ माल गावाच्या वरच्या डोंगरउतारावर टाकीत असत. एकामागून एक सात ढीग झाले. सातवा ढीग १९५८ साली सुरू झाला. जागा निवडताना जमिनीची कसलीही पाहणी झाली नाही. त्या जागी झरे होते. ते सरकारी नकाशावर छापलेले होते आणि गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होते. वर्षे गेली. ढीग १११ फूट उंच झाला. कोळसा धुतल्यावर उरणारा बारीक गाळही त्यावर पडू लागला. १९४४ साली चौथा ढीग घसरला होता. १९६३ साली सातवाच थोडा घसरला होता. नगरपालिकेच्या इंजिनियरांनी शाळेमागील ढिगाच्या धोक्याविषयी १९६३ मध्ये लेखी कळवले होते. पत्रांना उत्तरे गेली, ढीग वाढत राहिला.

२१ ऑक्टोबर १९६६, शुक्रवार. सुट्टीआधीचा शाळेचा शेवटचा दिवस. त्याआधीचे दिवस पावसाचे गेले होते आणि त्या सकाळी खोऱ्यात दाट धुके होते. ढिगावर कामाला गेलेल्यांना माथा कित्येक फूट खचलेला दिसला. सव्वानऊच्या सुमारास ढिगाचा पायथा सुटला. पाण्याने भरलेला तो गाळ घट्टपणा सोडून द्रवासारखा वाहत खाली आला आणि पँटग्लास प्राथमिक शाळेवर व शेजारच्या घरांवर कोसळला. हजेरी नुकतीच झाली होती. १४४ माणसे गेली. त्यांत ११६ मुले होती. खाणीतील कामगार खाणीतून वर येऊन हातांनी माती उपसू लागले. अकरा वाजल्यानंतर एकही जीव जिवंत निघाला नाही.

खाणी तेव्हा राष्ट्रीय कोळसा मंडळाच्या होत्या. ढिगाखाली झरा असल्याची माहिती नव्हती, असे मंडळाच्या अध्यक्षांनी प्रारंभी सांगितले. न्यायमूर्ती एडमंड डेव्हिस यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी न्यायासनाने ७६ दिवस साक्षीपुरावे ऐकले आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. दोष मंडळावर ठेवला. मात्र दुष्ट हेतू कोणाचा आढळला नाही. आढळले ते अज्ञान, बेफिकिरी आणि एकाचे दुसऱ्याला न कळवणे. खाणीच्या आतील प्रत्येक खांबाला नियम होता, तपासनीस होता, वही होती. ढिगाला यांतले काहीच नव्हते. ढीग म्हणजे माल वाहून टाकण्याची जागा, म्हणून तो यंत्र-इंजिनियरांच्या खात्यात. जमिनीचे ज्ञान स्थापत्य-इंजिनियरांच्या खात्यात. दोन खात्यांच्या मधल्या फटीत तो ढीग उभा होता. १९३९ साली त्याच खोऱ्यात, काही मैल खाली, एक ढीग सरकून हमरस्त्यावर आला होता. त्या वेळी एका खाण-इंजिनियराने ढिगांना पाण्यापासून कसे जपावे याचे टिपण लिहिले होते. ते टिपण १९६५ साली दप्तरातून काढून पुन्हा फिरवलेही गेले. ते वाचून त्या डोंगरावर जाऊन ढिगाचा पायथा नीट तपासण्याचे काम मात्र झाले नाही.

या प्रकरणात कोणाला शिक्षा झाली नाही, कोणाची नोकरी गेली नाही. उरलेले ढीग हलवण्यासाठी गावकऱ्यांना झगडावे लागले, आणि त्या खर्चापैकी १,५०,००० पौंड चक्क आपद्ग्रस्तांसाठी जगभरातून जमलेल्या निधीतून घेतले गेले. ते पैसे १९९७ साली, तेही व्याजावाचून, परत मिळाले.

ब्रिटनने १९६९ साली ढिगाऱ्यांसाठी वेगळा कायदा केला. चालू ढीग आणि बंद ढीग असे दोन भाग करून प्रत्येकाची जबाबदारी नेमून दिली. कथा येथे संपली असे वाटेल. पण खाणी बंद झाल्या, मालक गेले, ढीग राहिले. २०२० च्या फेब्रुवारीत वादळी पावसात टायलर्सटाउन येथे एक जुना ढीग घसरून नदीच्या खोऱ्यात आला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. त्यानंतर मोजदाद केली तेव्हा वेल्समध्ये अडीच हजारांच्या आसपास बंद ढीग निघाले, आणि साडेतीनशेहून अधिक वारंवार तपासावे लागतील अशा वर्गातले. २०२५ साली वेल्सला त्यांच्यासाठी पुन्हा नवा कायदा करावा लागला. खाणीचे आयुष्य काही दशकांचे; ढिगाचे आयुष्य त्याहून पुष्कळ मोठे असते.

आता घरी येऊ. ब्रिटनकडे तेव्हा कायदा नव्हता. आपल्याकडे मात्र आहे, आणि तो नवा नाही. १९५७ च्या कोळसा खाण विनियमांत ढिगांचा विचार होता. २०१७ साली ते विनियम नव्याने केले गेले. त्यांनी सांगितले, की ढिगाचा उतार त्या मालाच्या विश्रामकोनानुसार ठरवावा, पण तो ३७.५ अंशांपेक्षा अधिक कधीच नसावा. ढीग ३० मीटरहून उंच होणार असेल तर त्याला पायऱ्या कराव्यात, एकही पायरी ३० मीटरहून उंच नसावी, आणि एकंदर उतार दीड मीटर आडवे गेल्यावर एक मीटर उभे, म्हणजे सुमारे ३४ अंश, याहून खडा नसावा. रेल्वे, सार्वजनिक रस्ता, इमारत यांपासून पायथा ठरावीक अंतरावर असावा. चालू ढिगाच्या पायथ्याशी धोका संभवत असेल तेथे कोणाला जाऊ देऊ नये. नियम स्पष्ट आहेत.

नियम असूनही काय घडले ते पाहा. २००८ च्या डिसेंबरात सिंगरौली भागातील जयंत खाणीत ढीग घसरून ५ माणसे गेली. २००९ च्या जून महिन्यात आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती खाणीत ७० मीटरहून उंच ढीग घसरला आणि दोघे गाडले गेले. २९ डिसेंबर २०१६ रोजी संध्याकाळी झारखंडमधील गोड्डा जिल्ह्यात, लालमटियाच्या राजमहल खाणीत, ओबीचा प्रचंड भाग आपल्या बैठकीसकट सुमारे ३५ मीटर खाली गेला. खाली यंत्रे चालू होती. २३ माणसे मेली. ती ठेकेदाराची माणसे होती. तो पावसाळ्याचा महिनाही नव्हता, यावरून पाऊस थांबला म्हणजे धोका थांबला असे समजणाऱ्यांनी बोध घ्यावा.

आमच्या मते या घटनांतून एक गोष्ट निघते. नियमपालन हा शब्द आपण फार स्वस्त केला आहे. अंश मोजता येतो, मीटर मोजता येतो, म्हणून तपासणीच्या कागदावर तेच रकाने भरले जातात. ३७.५ अंशांच्या आत असलेला ढीग ओल्या काळ्या मातीवर, किंवा खाणीच्या खड्ड्याकडे कललेल्या चिकणमातीच्या थरावर उभा असेल, तर कागद निर्दोष आणि ढीग सदोष असे होते. नियमाने घातलेली मर्यादा ही कमाल मर्यादा आहे. तेवढ्याने सुरक्षिततेची हमी मिळत नाही. खरे पालन ढीग उभा राहण्यापूर्वी सुरू होते. जागेची काळी माती आधी काढून वेगळी ठेवावी, खालच्या थराचे नमुने तपासावेत, झरे-ओढे वळवावेत, माथ्यावर पाणी साचणार नाही असा ढाळ द्यावा, पायथ्याशी पाझराला वाट ठेवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या ढिगाबद्दल उत्तर देणारा एक माणूस नावानिशी असावा, आणि काम थांबवण्याचा अधिकार त्याच्या हाती असावा.

यावर खाणचालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, जमीन मिळत नाही. मिळाली तर गाव उठवावे लागते. ढीग पसरट करावा तर शेती जाते, उंच करावा तर धोका वाढतो. आणि देशाला वीज तर हवी आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या घरातील दिवा पुष्कळ अंशी याच कोळशावर पेटतो, तेव्हा या ढिगांत आपलाही वाटा आहे. पण जमिनीची टंचाई हा उंचीचा हिशेब अधिक काळजीने करण्याचे कारण आहे, तो न करण्याचे नव्हे. जी किंमत कोळशाच्या भावात धरली गेली नाही ती पायथ्याशी काम करणाऱ्याने किंवा पायथ्याशी राहणाऱ्याने का द्यावी?

तपासणीची साधनेही आज आहेत. ढिगाच्या अंगाची काही मिलिमीटरांची हालचाल दुरून टिपणारे रडार आहे, पोटातील पाण्याचा दाब मोजणाऱ्या नळ्या आहेत. आणि ती नसतील तर भेगेच्या दोन्ही काठांवर दोन खुंट्या मारून रोज त्यांतील अंतर फुटपट्टीने मोजता येते. ढीग सहसा सांगून घसरतो. माथ्यावर चंद्रकोरीसारखी भेग पडते, पायथा पोटासारखा फुगतो, कोरड्या जागी पाझर फुटतो. भेग आज बोटाएवढी आणि उद्या विताएवढी झाली, तर माणसे आणि यंत्रे खालून हलवावीत. अहवाल मागाहून लिहावा.

शेवटी आपण नागरिकांनी काय करावे? आम्ही आपणांस इंजिनियर व्हा असे म्हणत नाही. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेने खाणींसारख्या प्रकल्पांना पूर्वमंजुरीच्या अटी कितपत पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, देण्याचे बंधन घातले, आणि हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज ठरवले. १ जून ही तारीख आपल्याकडे नेमकी पावसाच्या तोंडावर येते. खाणीशेजारच्या ग्रामपंचायतीने, वाचनालयाने, शाळेच्या मुख्याध्यापकांनी तो अहवाल मागवून घ्यावा. त्यात ढिगाची उंची आणि उतार असेल. आपण त्यापुढचे चार प्रश्न विचारावेत : ढिगाच्या खाली काय आहे? पाणी कोठे जाते? पायथ्यापासून सर्वांत जवळचे घर किती अंतरावर आहे? आणि खाण बंद झाल्यावर हा ढीग कोणाच्या नावावर राहणार? उत्तरे मिळाली तर उत्तम. गोलमाल मिळाली तर तीच पुन्हा लेखी मागावीत, आणि पत्राची प्रत जपून ठेवावी.

ॲबरफॅनच्या लोकांनीही पत्रे लिहिली होती. त्यांना डोंगरातले झरे ठाऊक होते, आणि ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांनी नकाशा उघडून पाहिला नव्हता. आपल्या गावाशेजारच्या माळावर पूर्वी ओढा कोठून वाहत होता, विहिरीला पाणी कोणत्या अंगाने येई, कोणत्या शेतात चिखल सर्वांत उशिरा वाळे, हे आजही गावातील म्हातारी माणसे सांगू शकतील. ढिगाची जागा ठरवण्यापूर्वी त्यांना विचारावे आणि ते लिहून घ्यावे, एवढी मागणी प्रत्येक जनसुनावणीत झाली, तर आमच्या आजच्या बोलण्याचे चीज झाले असे आम्ही समजू.